शतावरी बियांपासून वाढवताना: मुंबईतील अनुभव, प्रश्न आणि उत्तरे

सुईपान (कांदिवली), ४ मे

नमस्कार. गेल्या दीड वर्षात शतावरीची रोपे बियांपासून तयार करताना आलेला अनुभव येथे सविस्तर मांडत आहे. शतावरीविषयी वाचायला गेले की कंदांचे गुण भरपूर वाचायला मिळतात, पण बी पेरल्यापासून पहिला कोंब दिसेपर्यंतच्या काळात काय करावे आणि विशेषतः काय करू नये, याची माहिती मला एका जागी मिळाली नव्हती. त्या अभावी माझा पहिला ट्रे वाया गेला.

ज्यांनी हे झुडूप पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात वर्णन करतो. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या पानगळीच्या रानात, शेताच्या बांधावर, कुंपणात हे काटेरी, वेलासारखे चढणारे झुडूप आपणहून वाढते. त्याची पाने सुईसारखी बारीक आणि झुपक्यांनी लागलेली असतात. उन्हाळ्यात काड्या पिवळ्या पडून अनेकदा पूर्ण वाळतात आणि हे झाड मेले असे वाटते, पण जमिनीखालच्या मांसल मुळ्यांत पाणी आणि अन्न साठवलेले असल्यामुळे पहिल्या पावसानंतर त्याच जागी भाल्यासारखा सरळ कोंब वर येतो. इतके काटक झाड बी पेरताना मात्र माणसाच्या धीराची परीक्षा पाहते.

नेरळजवळ आमच्या नातेवाइकांच्या बांधावर शतावरीचे जुने झुडूप आहे. पाऊस ओसरताना त्याला पांढऱ्या, सुगंधी, बारीक फुलांचे तुरे येतात आणि डिसेंबरात फळे पिकतात. फळ वाटाण्याहून लहान असते. ते आधी लाल होते, मग काळपट पडते. अशी पूर्ण पिकलेली फळे आणून मी ती पाण्यात चुरगळली, गर काढून टाकला, बी स्वच्छ धुतले, वर तरंगलेले बी वेगळे केले आणि उरलेले काळे, टणक बी सावलीत वाळवले. गर तसाच ठेवून पेरल्यास बुरशी फार लवकर धरते, त्यामुळे हे काम टाळू नये.

त्यातले वीस बी मी जानेवारीच्या आरंभी पेरले. पंचवीस दिवस मातीत काहीही हालचाल दिसली नाही, तेव्हा बी निर्जीव आहे असे समजून मी तो ट्रे दुसऱ्या कुंडीत उपडा केला. उपड्या झालेल्या मातीत चार बियांना दोन-दोन सेंटिमीटर लांबीची पांढरी मुळे फुटलेली होती आणि ती सर्व माझ्या हाताने तुटली होती. शतावरीच्या बीजपत्राचा भाग बियातच राहतो, वाल किंवा भोपळ्याप्रमाणे दोन दले मातीवर येत नाहीत. आधी मूळ खाली जाते आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दोऱ्यासारखी एक काडी वर येते. वरून पाहणाऱ्याला मधल्या काळात काहीच कळत नाही.

उरलेले बी मी कागदाच्या पुडीत ठेवले होते. हवा तापू लागल्यावर, मार्चमध्ये, त्यातले छत्तीस बी कोमट पाण्यात एक दिवस-रात्र भिजवून, मध्ये दोनदा पाणी बदलून, सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरले. पहिली काडी तेविसाव्या दिवशी दिसली, चाळीस दिवसांपर्यंत चौदा झाल्या आणि शेवटची एकसष्टाव्या दिवशी वर आली. एकूण एकवीस रोपे मिळाली. पंचविसाव्या दिवशी मी पुन्हा ट्रे उपडा केला असता तर त्यातली दोन-तीनच माझ्या वाट्याला आली असती.

मातीचे मिश्रण असे होते: एक भाग लाल माती, एक भाग जाड रेती, आणि एक भाग कोकोपीट व चाळलेले गांडूळखत मिळून. रेती बांधकामाची, धुतलेली घ्यावी. जुहू, अक्सा किंवा गोराईच्या किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून कुणी आणू नये. तिच्यातले मीठ कोवळ्या मुळांना मारते.

या वर्षीचे थोडे बी माझ्याकडे शिल्लक आहे. पुढच्या बी-देवाणघेवाणीच्या भेटीत प्रत्येकी दहा देता येतील.

वर्सोव्याची_खिडकी (वर्सोवा), ५ मे

सुईपान, आपण इतके मोजून-मापून लिहिले याबद्दल मनापासून आभार. माझा एक प्रश्न आहे. काष्ठौषधींच्या दुकानात शतावरीची सोललेली, वाळलेली मुळी मिळते. ती भिजवून कुंडीत लावली तर फुटणार नाही का? दोन महिने थांबण्यापेक्षा ते सोपे वाटते. शिवाय आमच्या भागातल्या एका नर्सरीत शतावरी म्हणून एक कुंडी विकायला आहे, पान अगदी बारीक आणि पसरट आहे. ती घ्यावी का?

वनस्पतिवाचक (दादर), ५ मे

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

वाळलेली मुळी फुटणार नाही. ताजी मुळी असती तरीही एकटी फुटली नसती. शतावरीच्या झुडपाच्या बुडाशी एक गड्डा असतो आणि नवे कोंब येणारे डोळे त्या गड्ड्यावर असतात. त्याच्याखाली झुपक्याने लोंबणाऱ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या मुळ्या फक्त साठा करतात. त्यांच्यावर डोळा नसतो. बटाट्याचा किंवा आल्याचा नियम येथे लागू पडत नाही, कारण ती खोडे आहेत आणि ही मुळे आहेत. रानातून शतावरी खणणारा माणूस मुळ्यांसाठी पूर्ण गड्डा उपटतो आणि त्या जागी पुन्हा कोंब येत नाही, याचेही कारण हेच.

आता ओळख. आपण ज्यांना सुईसारखी पाने म्हणतो ती शास्त्रीय दृष्टीने पाने नाहीत. त्या खोडाच्या रूपांतरित फांद्या आहेत, त्यांना पर्णकांडे म्हणतात, आणि अन्न तयार करण्याचे काम त्या करतात. खरे पान आकसून खवल्यासारखे झालेले असते, आणि मुख्य काडीवर त्याच पानाच्या बुडाचा काटा होतो. आपल्या रानातल्या शतावरीला, म्हणजे अस्पॅरागस रेसिमोसस या जातीला, पर्णकांडे दोन ते सहाच्या झुपक्यात येतात, ती साधारण एक ते अडीच सेंटिमीटर लांब, किंचित वाकलेली आणि कडा असलेली असतात. विल्डेनो या जर्मन शास्त्रज्ञाने १७९९ मध्ये तिला हे नाव दिले. त्यातल्या रेसिमोससचा अर्थ तुऱ्याने फुलणारी असा आहे, आणि सुईपान यांनी वर्णन केलेले तुरे ते हेच.

नर्सरीत शोभेसाठी दोन परदेशी भावंडे विकली जातात आणि अनेकदा त्यांनाही शतावरी म्हटले जाते. एक अस्पॅरागस सेटेशियस. तिची पर्णकांडे केसाइतकी बारीक आणि एका पातळीत पसरलेली असतात, फुलांच्या गुच्छात हिरवळ म्हणून तीच घालतात. आपण वर्णन केलेली कुंडी बहुधा तिचीच आहे. दुसरी अस्पॅरागस डेन्सिफ्लोरस. तिची पर्णकांडे चपटी असतात आणि फांद्या कुंडीबाहेर लोंबतात. दोघी मूळच्या आफ्रिकेतल्या. त्या शोभिवंत आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, पण देशी शतावरी वाढवण्याचा हेतू असेल तर त्या घेऊन उपयोग नाही. ज्या झुडपाला बोटभर अंतरावर कठीण काटे आहेत आणि सुया झुपक्यात आहेत, त्याचेच बी मागावे.

गच्चीमाळी (मुलुंड), ६ मे

मी अकरा वर्षे गच्चीवर शतावरी वाढवत आहे, म्हणून सुईपान यांच्या अनुभवात थोडी भर घालतो.

पेरणीसाठी मुंबईत मार्चअखेर ते मेअखेर हा काळ मला सर्वात चांगला वाटतो. माती उबदार असते, रोपांना पावसाळ्याआधी एक-दोन काड्या फुटतात आणि मुळाला थोडी पकड येते. जुलैत पेरलेल्या बियांपैकी माझे निम्म्याहून अधिक बी सडून गेले होते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. रानातली शतावरीही हाच पाऊस झेलते, पण ती उतारावर, मुरमाड जमिनीत, मोठ्या झाडांच्या आडोशाला असते. तिच्या मुळाशी पाणी थांबत नाही. कुंडीत पाणी थांबते. म्हणून या झाडाला मी तहानेपेक्षा साचलेल्या पाण्यापासून जपतो. कुंडीखाली ताटली ठेवू नये, तळाला दोन-तीन बोटे विटांचे तुकडे घालावेत आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी, म्हणजे भोके बंद होत नाहीत.

भिजवण्यापूर्वी काही बियांना मी बारीक पॉलिश पेपरवर हलके घासून पाहिले आहे. कठीण सालीतून पाणी लवकर आत जाते आणि ती बी आठवडाभर आधी रुजली, पण एका वर्षी जास्त घासल्यामुळे आतल्या भागाला इजा होऊन बरीच बी कुजली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी नुसते भिजवावे. बी जितके ताजे तितके बरे. दोन वर्षांपूर्वीचे बी माझ्याकडे फारच थोडे उगवले.

चाळगॅलरी (गिरगाव), ९ मे

माझा अनुभव दुःखाचा आहे. मागच्या वर्षी माझी नऊ रोपे छान वर आली होती, प्रत्येकी बोटभर उंच. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्रीत त्यातली सहा बुडाशी बारीक होऊन आडवी पडली. आमच्या गॅलरीत पावसाची झड थेट येते, म्हणून मी ट्रेवर प्लास्टिकचा पारदर्शक कागद घातला होता. कागदाच्या आत सकाळी दव जमलेले दिसत असे, ते मला रोपांसाठी चांगलेच वाटत होते.

गच्चीमाळी (मुलुंड), ९ मे

आपण जपण्यासाठी कागद घातला, पण हवा कोंडल्यामुळेच रोपे गेली. हा मर रोग आहे. मातीतली बुरशी ओलसर, कोंदट हवेत कोवळ्या काडीच्या बुडावर हल्ला करते आणि एकदा काडी आडवी झाली की ते रोप वाचत नाही. या वर्षी झड अडवायची असेल तर कागद वरून छपरासारखा, ट्रेपासून हातभर उंच बांधावा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. रोपे दाट असतील तर विरळ करावीत. पाणी वरून न घालता ट्रे दहा मिनिटे पाण्यात ठेवून खालून पिऊ द्यावे आणि मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. पेरणीच्या मातीत ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर आधीच मिसळली तर बराच फरक पडतो. शेतीसामानाच्या दुकानात ती सहज मिळते.

उरलेल्या तीन रोपांचे काय झाले?

चाळगॅलरी (गिरगाव), १० मे

तिन्ही जगली. सध्या एकाच कुंडीत आहेत आणि काड्या हातभर झाल्या आहेत. कबुतरांनी मात्र त्रास दिला. कुंडीत घरटे करण्यासाठी त्यांनी काड्या मोडल्या, म्हणून आता जाळी लावली आहे.

वसईची_वाडी (वसई), १३ मे

आमच्या वाडीच्या कुंपणाला शतावरी आहे, कुणी लावलेली नाही. बुलबुल फळे खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याच्या बुडाशी रोपे येतात, असे वर्षानुवर्षे पाहत आले आहे. म्हणून मी बी नेहमी एखाद्या झुडपाच्या अर्धसावलीतच रुजवते. पहिल्या वर्षी सकाळचे दोन-तीन तास ऊन पुरते. दुपारच्या उन्हात मे महिन्यात कोवळ्या सुया पांढरट पडून गळतात.

लहानपणी पहिल्या पावसानंतर आजी या कोवळ्या कोंबांची भाजी करायची, पण एका झुडपाचा एकच कोंब खुडायची आणि बाकीचे सोडायची. सगळे कोंब खुडले तर मुळ्यांत साठा करणार कोण, असे ती विचारायची. आज बाजारात मुळीला भाव आहे म्हणून आमच्या बाजूच्या टेकड्यांवरून झुडपे खणून नेली जातात. दहा वर्षांपूर्वी जिथे पायाला काटे लागायचे तिथे आता एकही झुडूप नाही. बियांपासून रोपे करणे हे मला फक्त हौसेचे काम वाटत नाही.

वनस्पतिवाचक (दादर), १३ मे

वसईची_वाडी, आपल्या आजींचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध आहे. प्रत्येक नवा कोंब मागच्या कोंबांनी साठवलेल्या अन्नावर उभा राहतो. म्हणूनच बियांपासून आलेल्या रोपाची पहिली काडी दोऱ्यासारखी, दुसरी सुतळीसारखी आणि पुढच्या पावसाळ्यातली पेन्सिलीच्या जवळ जाणारी असते. रोप नीट वाढत आहे की नाही याची खूण उंचीत शोधू नये, नव्या कोंबाच्या जाडीत शोधावी.

खणण्यावरून एक आठवण द्यावीशी वाटते. सफेद मुसळीची जी जात आज सर्वाधिक लागवडीत आहे, तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिअॅनम आहे आणि त्यातले बोरिविलिअॅनम हे आपल्या बोरिवलीवरून आले आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवणारे फादर सांतापाऊ आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी तिचे वर्णन केले. शतावरी आणि ही मुसळी आता एकाच कुळात गणल्या जातात, दोघींच्याही मुळ्याच माणसाला हव्या असतात, आणि मुळीसाठी खणल्यामुळे ती मुसळीही रानातून विरळ झाली.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून रोप, कंद किंवा बी काहीही आणू नये, हे येथे स्पष्टपणे नोंदवतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. आपल्या मालकीच्या किंवा परवानगी असलेल्या बांधावरचे बी घ्यावे, आणि तेही निम्म्याहून अधिक पाखरांसाठी ठेवावे. झुडूप नुसते पाहून ओळखायचे असेल तर उद्यानातल्या खुल्या वाटांवर फिरावे.

वर्सोव्याची_खिडकी (वर्सोवा), १३ मे

भेटीत सुईपान यांच्याकडून दहा बी मिळाले. एक दिवस भिजवून काल, १२ मे रोजी पेरले. नर्सरीतली कुंडी घेतली नाही. आमची खिडकी पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने आहे. खारा वारा चालेल का? आणि पुढे मुळी तयार झाली तर घरी औषध म्हणून वापरता येईल का?

सुईपान (कांदिवली), १४ मे

खाऱ्या वाऱ्यासाठी पहिले वर्ष ट्रे खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवावा आणि आठवड्यातून एकदा काड्यांवर साधे पाणी फवारून मीठ धुऊन टाकावे. पावसाळ्यात पाऊसच ते काम करतो, पण तेव्हा वाऱ्याने काडी मुळाशी हलते, म्हणून बांबूची बारीक कामटी लावून सैल दोऱ्याने आधार द्यावा.

मुळीविषयी: लागवड करणारे शेतकरीही साधारण दीड ते दोन वर्षांनी, अनेकदा त्याहून उशिरा मुळी काढतात. कुंडीतल्या एका झुडपातून मिळणारी मुळी थोडीच असेल आणि ती काढताना गड्डा दुखावला तर झुडूप जाईल. औषध म्हणून काही घ्यायचे असल्यास वैद्यांना विचारूनच घ्यावे. घरात लहान मुले असतील तर लाल फळे त्यांच्या हाती लागू देऊ नयेत.

वर्सोव्याची_खिडकी (वर्सोवा), १२ जून

आज एक महिना झाला. काहीही नाही. घरातले म्हणतात की ट्रेमध्ये नुसती माती भिजवत आहे. एक बी उकरून पाहू का?

सुईपान (कांदिवली), १२ जून

कृपया उकरू नका. मी तेच केले होते. माती बोटाला ओलसर लागते आहे आणि तिला आंबूस वास येत नाही, एवढे पाहावे आणि ट्रे तसाच राहू द्यावा. वास येऊ लागला तरच पाणी थांबवावे.

वर्सोव्याची_खिडकी (वर्सोवा), २२ जून

एकेचाळिसावा दिवस. ट्रेच्या कोपऱ्यात एक काडी आहे. इतकी बारीक की आधी मला तो माझ्या ओढणीचा धागा वाटला. टोकाशी हिरवे खवले आहेत. सकाळपासून चार वेळा पाहून आले.

गच्चीमाळी (मुलुंड), २२ जून

अभिनंदन. अजून पंचवीस-तीस दिवस बाकीच्यांची वाट पाहावी. मोठ्या कुंडीत हलवण्याची घाई करू नये. एका रोपाला तीन काड्या झाल्या की मातीच्या गोळ्यासकट उचलावे. त्याच्या मुळ्या लांब होण्याआधीच जाडी धरू लागतात आणि त्या तुटल्या तर रोप महिनाभर मागे पडते. गड्डा आधी जेवढ्या खोलीवर होता तेवढाच ठेवावा. कायमची कुंडी किमान बारा ते चौदा इंच खोल हवी. जाण्या-येण्याच्या वाटेपासून ती दूर ठेवावी, कारण दुसऱ्या वर्षापासून काटे कपड्यांत अडकतात.

वर्सोव्याची_खिडकी (वर्सोवा), २७ जुलै

एकूण पाच रोपे झाली. पण सर्वात आधी आलेल्या काडीच्या सुया पिवळ्या पडल्या आणि आज ती वाळली आहे. मी पाणी कमी केले होते, झडीपासूनही जपले होते. ती ओढून काढून त्या जागी दुसरे बी पेरावे का?

गच्चीमाळी (मुलुंड), २७ जुलै

ओढू नका. काडी बुडाशी मऊ होऊन आडवी पडली असेल तर तो मर रोग. उभ्या उभ्या वाळली असेल तर बहुतेक वेळा मूळ जिवंत असते. मातीपासून एक बोट वर कात्रीने कापा, माती जेमतेम ओलसर ठेवा आणि त्या जागेवर खूण म्हणून काडीपेटीची एक काडी खोचून ठेवा.

वर्सोव्याची_खिडकी (वर्सोवा), १६ ऑगस्ट

काडीपेटीच्या काडीशेजारी आज सकाळी नवा कोंब आला आहे. पहिल्यापेक्षा दुप्पट जाड आहे आणि टोकाला जांभळट झाक आहे.